अंगठ्याची जागा

एसटीचा कंडक्टर भास्करकाकांना तिकीट विचारायचं विसरला, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, चैन आहे काकांची. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी हसले नाही. तिसऱ्यांदा मी कंडक्टरला हाक मारून सांगितलं, "अहो, यांचं राहिलं." त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या सीटकडे पाहिलं, आणि "कुणाचं, ताई?" असं विचारून तो पुढे निघून गेला.

भास्करकाका आमच्या 'किनारसूर' मासिकाची पानं लावायचे. अलिबागेत आमच्या शेठचं वाद्यांचं दुकान आहे. पखवाज, पेट्या, बेंजो, आणि अलीकडे कपाटाएवढे स्पीकरसुद्धा. दुकानाच्या माडीवर एक कॉम्प्युटर, दोन टेबलं आणि आम्ही दोघं, एवढंच आमचं कार्यालय. मी प्रुफं तपासते, लेख मागवते, गठ्ठे पाठवते, आणि ज्या मंडळाचं नाव राहिलं त्याच्या शिव्या खाते. काका मुखपृष्ठ करायचे. आणि एकाच अंकाची तीन मुखपृष्ठं करायचे. आत मजकूर तोच, पानं तीच, पण वरचं कव्हर आणि आतलं पहिलं पान वेगवेगळं. शेठ आधी भडकले होते, पण अंक तिन्हीकडे संपायला लागले तेव्हा गप्प बसले.

एक अंक गावचा. पोयनाडच्या आत, डोंगराकडच्या भातगावांतल्या भजनी मंडळांसाठी. त्यावर पिवळाधम्मक रंग, जाडजूड अक्षर, सगळं मंडळ फोटोत आणि फोटोखाली प्रत्येकाचं नाव. "गावात अर्धा कापलेला चेहरा चालत नाही, शुभे," काका मला म्हणायचे. "माणूस अख्खा लागतो. पायात चपला असल्या तर त्यासुद्धा दिसल्या पाहिजेत." दुसरा अंक बंदरचा. न्हावा शेव्याकडे ट्रेलर चालवणारी, बेंजो पार्ट्या आणि डीजेवाली तरणी पोरं तो घ्यायची. त्याला काळा चकचकीत कागद, तिरपी अक्षरं, गॉगलवाला अर्धा चेहरा. ही पोरं अंकाची सुरळी करून काचेपाशी खोचतात, हे काकांनी ट्रेलरच्या रांगेत दोन दिवस उभं राहून पाहिलं होतं. म्हणून नाव असं लावायचे की सुरळी केली तरी वाचता यावं. तिसरा अंक धक्क्याचा. रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याहून येणारे, इकडे बंगले बांधलेले मुंबईकर. त्यांना बारीक अक्षर, मातकट रंग आणि भरपूर मोकळी जागा. "यांच्या घरात जागा नसते ना, म्हणून कागदावर बघून बरं वाटतं," असं काका अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वाचक आधी अंगठ्याने वाचतो, मग डोळ्यांनी." नवा अंक द्यायला जायचे तेव्हा न्हाव्याच्या दुकानातून, देवळातून, चहाच्या टपरीवरून जुने अंक परत घेऊन यायचे. मळलेले, तेलकट, कुठे हळदीचं बोट, कुठे ग्रीसचं. ते माडीवर पसरून ठेवायचे आणि भिंग घेऊन डाग बघत बसायचे. कुठल्या गावात कुठला अंगठा कुठे टेकतो, याची त्यांची वही होती. त्या जागी ते कधी अक्षर येऊ द्यायचे नाहीत. मुरुडच्या स्टँडवर एकदा एका बाईंच्या मागे हा माणूस अर्धा तास उभा राहिला होता, बाई पान कशी उलटतात ते बघत. बाईंनी शेवटी चप्पल काढली, तेव्हा मी मध्ये पडले.

लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. रेवसच्या रस्त्यावर एका फाट्याजवळ दोन खोल्या. गाणं म्हणाल तर यांच्या गळ्यात काडीचं नाही. आरती म्हणायला लागले की शेजारची गाय दावं ओढायची. पण धाकूबुवा गायला लागले की काका डोळे मिटून दोन्ही पायांनी ताल धरायचे. धाकूबुवा बेलपाड्याचे. चार एकर भात, बारीक अंगकाठी, आणि असा आवाज की पुढच्या गावातले लोक जेवण टाकून ओट्यावर येत.

आता त्या दिवाळी अंकाबद्दल सांगायलाच हवं.

त्या वर्षी दिवाळी अंकात धाकूबुवांवर मोठा लेख होता. गावच्या अंकात काकांनी त्यांना मंडळासकट चौकोनी फोटोत बसवलं, पेटी पुढे, टाळकरी मागे. धक्क्याच्या अंकासाठी मात्र त्यांनी बुवांचा एकट्याचा चेहरा घेतला, तो तपकिरी केला आणि लंबगोल चौकटीत घातला. चौकटीभोवती बारीक वेल. मुंबईकरांना असं जुनंपुराणं फार आवडतं. पण आमच्या गावांत लंबगोल चौकट आणि वेल म्हणजे एकच अर्थ. जिवंत माणसाचा फोटो त्यात कुणी लावत नाही, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही. काकांनी मला एकदा नाही, तीनदा बजावलं होतं. "शुभे, हा गठ्ठा गावात जाता कामा नये हं."

गठ्ठे खाकी कागदात बांधलेले असतात. आतलं कव्हर दिसत नाही. वरच्या चिठ्ठीवर सगळी भिस्त. चिठ्ठ्या मी चिकटवल्या. घरी चकलीची भाजणी मळायची राहिली होती, पाचची एसटी गाठायची होती, आणि मी धक्क्याची चिठ्ठी गावच्या गठ्ठ्याला आणि गावची धक्क्याच्या गठ्ठ्याला लावून मोकळी झाले.

मुंबईकरांना पिवळाधम्मक अंक भलताच आवडला. गावांत मात्र तीन दिवसांत तीन मंडळांनी धाकूबुवांचं आसन उलटं केलं.

ही आमच्याकडची रीत आहे. दुसऱ्या गावचा बुवा गेल्याची बातमी आली की मंडळ जमतं. त्याचं आसन घालतात, त्यापुढे पेटी ठेवतात, आणि भजन म्हणायचं ते फक्त मागच्यांनी. बुवाने म्हणायची पुढची ओळ कुणी म्हणत नाही. तेवढा वेळ नुसता टाळ वाजतो, आणि मग सगळे मिळून मागची ओळ उचलतात. भजन संपलं की आसन उलटं करून घडी घालतात. ते परत त्या बुवासाठी उलगडत नाहीत. कधीच नाही.

पाडव्यानंतरच्या दिवशी भर दुपारी बुवा माडीवर आले. हातात अंक होता. घाम पुसला नाही, पाणी मागितलं नाही.

"मी हाय का न्हाय, ते सांगा पहिलं," ते म्हणाले.

काकांनी अंक पाहिला आणि हातातलं भिंग खाली ठेवलं.

"माझी भैन रडत आली व पोयनाडसून," बुवा म्हणाले. "मी दारात उभा, न ती माझ्या बाजूनं आत गेली न बायकोच्या गल्यात परली. मासलीच्या बाजारात गेलू, मावरंवाली दुसऱ्याशी बोलतं. मी म्हनतंय, अगो माझा दे, तं तिचा ध्यानच न्हाय." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "त्या राती घरी दारं लावून मी एक भजन म्हनलां. तोंडातसून आवाज येतंय. माझ्या कानाला येत न्हाय."

मी तिथेच होते. चिठ्ठ्या कुणी लावल्या, हे त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगते. पण काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "बुवा, चूक माझी. मांडणी माझी होती." मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते काय ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही म्हणाल, आता काय, मोबाइलचा जमाना. एक व्हिडिओ टाकला की झालं. टाकला ना! बुवा खळ्यात उभे राहून नाव, गाव, तारीख सांगताहेत, असा व्हिडिओ काकांनी पोयनाडपासून उरणपर्यंतच्या सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर टाकला. खाली धडाधड जोडलेले हात आले. भावपूर्ण श्रद्धांजली. जुनी आठवण जपून ठेवलीत, आभारी आहोत.

मग काका हट्टाला पेटले. पुढच्या अंकात बुवा चौकोनी चौकटीत, हसताना, भर रंगात, खाली जाड अक्षरात 'धाकूबुवा गात आहेत'. गावातून एका टाळकऱ्याचा फोन आला. "शेवटचा फोटो लय चांगला गावला हो तुमाना." त्याच्या पुढच्या अंकात बुवा नांगर धरून. बंदरच्या पोरांनी तो फोटो कापून ट्रेलरच्या काचेवर चिकटवला आणि खाली लिहिलं 'मिस यू बुवा'. धक्क्यावरच्या एका बाई तर मला म्हणाल्या, "किती जिवंत वाटतात नाही? केव्हा गेले?" माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात, लाँच लागत असताना.

जुने अंक परत यायचे, काका भिंग लावायचे. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. हे बघ."

तीस-चाळीस अंक पसरलेले होते. वेगवेगळ्या गावांचे, टपऱ्यांचे, ट्रेलरमधले. सगळे मळून काळे झालेले. आणि प्रत्येकावर बुवांच्या चेहऱ्याभोवती कागद कोरा, स्वच्छ, जसा प्रेसमधून आला तसा. एकाही माणसाचा अंगठा तिथे टेकला नव्हता.

"मेलेल्या माणसाच्या तोंडावर कोण बोट ठेवतं?" काका म्हणाले. "त्यांना कुणी सांगितलेलं नाही, शुभे. त्यांचा हातच जात नाही तिथे."

त्या पावसाळ्यात बुवांनी बोलणंही कमी केलं. काका दर रविवारी बेलपाड्याला जाऊन त्यांच्या ओटीवर बसायचे. बुवांची बायको चहा आणायची. तो एकच कप आणायची. काका तो कप बुवांपुढे सरकवायचे, आणि ती बाई दचकून आत जाऊन दुसरा आणायची. सख्खी बायको हो! तिचा काही दोष नव्हता. रडूनच तिचे डोळे सुजलेले असायचे, नवरा समोर बसलेला असताना.

पुढच्या दिवाळीच्या आधी काकांनी एक प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं. मागच्याच वर्षीची लंबगोल चौकट, तोच वेल, तेच माप. आत फोटो नव्हता. खाली चार ओळी होत्या.

'चूकदुरुस्ती. मागील दिवाळी अंकात या चौकटीत चुकून दुसऱ्याचा फोटो गेला. श्री. धाकूबुवा बेलपाडेकर यांचा या चौकटीशी संबंध नाही. चौकट ज्याची होती, त्याचा फोटो येथे देत आहोत.'

"कुणाचा फोटो?" मी विचारलं.

"योग्य त्याचा. तू फक्त शुद्धलेखन बघ."

"काका, कुणाचा?"

"एक तरी चूक आहे का यात?"

चूक नव्हती. एक वेलांटीसुद्धा इकडची तिकडे नव्हती. मला कळलं होतं की नव्हतं? कळलं होतं. खोटं कशाला बोलू. माझी एक मुलगी शाळेत आहे, नवरा बंदरात रात्रपाळीला असतो, आणि त्या क्षणी मला त्या दोघांचीच आठवण झाली. मी कोपऱ्यात सही केली आणि प्रूफ सोडलं. या वेळी गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या चार-चारदा तपासल्या. तिन्ही अंकांत तेच पान होतं, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

अंक छापून आला. चौकटीत भास्करकाका होते. तपकिरी, थोडे हसरे, केस नीट विंचरलेले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा फोटो छापला त्या माणसाने.

पंधरा दिवसांनी बेलपाड्याहून निरोप आला. जाणत्या माणसांनी बैठक घेतली होती. आसन उलटं केलं ते धाकूबुवांचं नव्हतंच, असं ठरलं. फोटो दुसऱ्याचा होता, म्हणजे आसनही दुसऱ्याचंच. ते घडी करून बाजूला ठेवलं आणि बुवांना नवं आसन दिलं. सप्ताहाच्या तिसऱ्या दुपारी त्यांचं भजन ठेवलं होतं. काका आणि मी एसटीने गेलो. तेव्हाच कंडक्टरने त्यांना पहिल्यांदा ओलांडलं, आणि मी हसले.

मांडव गच्च भरलेला. बुवांनी पहिली ओळ घेतली आणि काय सांगू! आवाज तोच, उलट जास्त मोकळा. समोरच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. बुवांची बायको पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होती, डोळ्याचं पातं न लवू देता.

काका अगदी मागे बसले होते, खांबाला टेकून, डोळे मिटून, दोन्ही पायांनी ताल धरून. चहावाली बाई किटली घेऊन रांगेने येत होती. एक, दोन, तीन, चार कप, मग काका, मग पुढचा माणूस. काकांपाशी ती थांबली नाही. त्यांच्या पायांवरून तिने पाऊल टाकलं, ओट्याची पायरी ओलांडावी तसं सहज. मी माझा कप त्यांच्या हातात दिला.

काकांनी पिशवीतून या दिवाळीचाच एक मळलेला अंक काढला, न्हाव्याच्या दुकानातला. "बघ," ते आनंदाने म्हणाले. आतल्या पानावरच्या बुवांच्या फोटोवर तेलाचा, हळदीचा, तंबाखूचा, पाच-सहा अंगठ्यांचा राबता होता. सगळा चेहरा मळून गेला होता. मग त्यांनी चूकदुरुस्तीचं पान उघडलं, आणि माझ्या नजरेसमोरून पटकन मिटून टाकलं. पण मी पाहिलं होतं. कोरं होतं ते.

परतीच्या गाडीत त्याच कंडक्टरने त्यांना पुन्हा ओलांडलं. त्यानंतर आठवड्याभराने आम्ही रेवसला गठ्ठा द्यायला गेलो, तेव्हाचं मी सुरुवातीला सांगितलं. "कुणाचं, ताई?" असं म्हणून कंडक्टर गेला, तेव्हा मी उठून त्याच्या मागे गेले आणि दोन तिकिटं फाडून घेतलीच. एक काकांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं.

"अक्षर फार बारीक केलंय," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाने वाचायचं कसं? आणि अंगठा येतो नेमका आकड्यावर."

मला रडूच फुटलं. "काका, त्या चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या."

"माहीत आहे की."

"केव्हापासून?"

"गठ्ठ्यावर तुझं अक्षर होतं, वेडे. तुझा 'ध' ओळखू येतो मला." खिडकीबाहेर मिठागरांकडे बघत त्यांनी तिकिटाची घडी घातली. "तुझी पोर लहान आहे. माझ्या मागे रडायला कुणी नाही. चौकट कुणाच्या तरी गळ्यात पडायचीच होती. आणि धाकूचा आवाज ऐकलास ना?"

त्यांचा फाटा आला. गठ्ठा मी एकटीच पुढे रेवसला नेणार होते. त्यांनी घंटीची दोरी ओढली; घंटी मला ऐकू आली, ड्रायव्हरला आली नसावी. गाडी तशीच पुढे निघाली. मी घसा ताणून ओरडले, "थांबवा! उतरायचंय!" करकचून ब्रेक लागले. "उतरा लवकर, ताई," कंडक्टर मला म्हणाला. काका त्याच्या खांद्याला घासून खाली उतरले. कंडक्टरने तो खांदा नुसता झटकला. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. रस्त्याच्या कडेला, डोक्यावर ऊन, हातात पिशवी, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर करून त्यांनी मला दाखवला. गाडी वळली, आणि मग झाडं आली.

त्यानंतर काका माडीवर आले नाहीत. मी त्यांच्या खोल्यांवर गेले होते. दार उघडं होतं, चुलीवर भाताचं पातेलं गरम होतं, पलंगावर वही आणि भिंग. मी हाका मारल्या. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "त्या जागंत कोन ऱ्हात न्हाय, बाय." मला कुणाची तरी पावलं ऐकू आली, ताल धरल्यासारखी. मग तीही थांबली.

आता या दिवाळी अंकाची पानं मी लावली आहेत. पहिल्या पानावर भास्करकाका आहेत. चौकोनी चौकट, अख्खा माणूस, पायातल्या चपलांसकट, खाली जाड अक्षरात नाव. तिन्ही अंकांना तेच पान. समोरच्या पानावर लंबगोल चौकट आहे, वेलासकट, आणि खाली चूकदुरुस्तीच्या चार ओळी आहेत. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या कुणी चिकटवल्या होत्या, ते त्यात लिहिलं आहे. मुलीला मी सगळं समजावून सांगितलं. तिला किती कळलं, देव जाणे.

काल प्रेसमधून फोन आला, "ताई, चौकटीत फोटो कुणाचा टाकायचा?" मी माझा पाठवला.

आज सकाळी अलिबागला येताना कंडक्टरने माझ्यासमोर हात पुढे केला आणि म्हणाला, "सुट्टे द्या, ताई." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला वाटलं असेल, बाई वेडी आहे. अंक गुरुवारी यायचा आहे.